शिंगटा परत सोडायचा असेल तर गळ कुठला?

श्रोतेहो, नमस्कार. पावसाचं पहिलं पाणी नदीला आलं की शिंगट्याचा, म्हणजे काही भागांत ज्या माशाला शिंगाडा म्हणतात त्याचा, अंडी घालायचा हंगाम येतो. गाभोळीने पोट भरलेली मादी गळाला लागली की काही हौशी मंडळी तिला परत पाण्यात सोडतात. फार चांगलं करतात. पण सोडलेली मादी जगते की नाही, हे बरंचसं घरून निघताना पेटीत कुठला गळ घेतला त्यावर ठरतं.

शिंगटा तळाशी चरणारा मासा. आमिष तोंडात ओढतो आणि सरळ गिळतो. आपला नेहमीचा गळ इंग्रजी 'जे'सारखा, टोक दांड्याला समांतर. दोर ताणला की हे टोक समोर येईल त्या मऊ मांसात घुसतं, मग तो घसा असो की कल्ले. माशाचं हृदय कल्ल्यांच्या अगदी लगत, घशाच्या खालच्या बाजूला असतं. तिथे गळ रुतला तर मासा पोहत गेलेला दिसतो खरा, पण पुढे मरू शकतो.

यावर उपाय सर्कल हुक. याचं टोक दांड्याकडे जवळजवळ काटकोनात आत वळलेलं असतं. प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे लोक शिंपल्याचे आणि हाडाचे असे वळलेले गळ फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. टोक आत असल्यामुळे हा गळ घशातून बहुधा न टोचता सरकत येतो. मासा तोंड फिरवून निघाला की जबड्याच्या कोपऱ्याशी गळ वळतो आणि तिथे बसतो. तिथून तो काढायला पक्कडीचा एक पीळ पुरतो.

विकत घेताना गळ काचेवर आडवा ठेवून पाहा. दांडा, वळण आणि टोक तिन्ही काचेला टेकले पाहिजेत. टोक एका बाजूला उचललेलं असेल तर तो तिरपा गळ. पाकिटावर सर्कल लिहिलेलं असलं तरी तिरपा गळ घशात रुतू शकतो, तो घेऊ नका. दांड्यावर आमिष धरायला बारीक काटे असलेला गळ आणि तीन तोंडांचा गळ, हे दोन्हीही नकोत.

मापाचं म्हणाल तर दोन-तीन किलोच्या माशाला साधारण 3/0 ते 5/0. आकडे कंपनीगणिक बदलतात, म्हणून टोक आणि दांडा यांमधली फट बघा. चूक बहुतेक वेळा इथेच होते. कोंबडीच्या आतड्याचा मोठा गोळा करून ती फट बुजवली जाते, टोक झाकलं जातं, मासा सुटतो आणि दोष सर्कल हुकला मिळतो. आमिष छोटं ठेवा, एकदाच टोचा, टोक उघडं राहू द्या.

टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मग गळ सुती कापडात टोचून मागे ओढा. धागा अडकला तर काटा उरलाय, पुन्हा दाबा. स्टीलचा न गंजणारा गळ टाळा. कधी दोर कापून गळ आत सोडावा लागला तर साधा लोखंडी गळ निदान गंजून झिजतो.

आता सवय बदलायची. काठी हलली की झटका मारायचा नाही. झटक्याने सर्कल हुक तोंडातून नुसता निसटतो. दोर ताणू द्या, काठीला बाक येऊ द्या, मग सावकाश गुंडाळा. शिशाच्या वजनापासून गळापर्यंतचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, वीतभरच ठेवा, म्हणजे माशाला वजन लवकर जाणवतं आणि तो आमिष खोल नेत नाही. काठी रोवून चहाला जाणं मात्र सोडा. तेवढ्या वेळात कुठलाही गळ पोटापर्यंत जातो.

तसा तो गेलाच, तर उपसून काढू नका. दोर गळाच्या जितका जवळ कापता येईल तितका कापा. शिंगट्याला खवले नसतात, अंगावरचा बुळबुळीत थरच त्याचं रक्षण करतो, तेव्हा हात ओले करून धरा. गोणपाट किंवा कोरडा टॉवेल लावू नका. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे मात्र सांभाळा.

थाई मागूर म्हणून ओळखला जाणारा आफ्रिकन मासा सापडला, तर तो पाण्यात परत सोडू नका. तो परदेशी आहे, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, आणि आपल्या शिंगट्याची पिल्लं तोही खातो.