डिझेल प्यालेली काळी माती

श्रोतेहो, नमस्कार.

विहिरीवरच्या इंजिनाजवळ डिझेलचा ड्रम कलंडला की आधी सुचतं ते माती धुऊन काढणं, नाहीतर पेटवून देणं. दोन्ही करू नका. साबणाच्या पाण्याबरोबर डिझेल आणखी खोल उतरतं, आणि खाली आपलीच विहीर असते. आग लावली तर वरचं जळतं, आतलं तसंच राहतं.

डिझेल खाणारे जिवाणू आपल्या मातीत आधीपासूनच असतात. स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस ही त्यांतली ठळक नावं. डिझेलमध्ये कर्ब भरपूर, पण नत्र-स्फुरद जवळजवळ नाहीच. बाटलीतलं जिवाणूंचं कल्चर विकत आणण्याआधी ही उणीव भरून काढा. समजा, एक टन मातीत 10 किलो, म्हणजे 12 लिटरच्या आसपास डिझेल मुरलंय. त्यात कर्ब साडेआठ किलो. 100 भाग कर्बाला 10 भाग नत्र आणि 1 भाग स्फुरद धरलं, तर 1 किलो 850 ग्रॅम युरिया आणि सव्वा किलो सिंगल सुपर फॉस्फेट लागतं. युरिया एकदम टाकला तर त्याचा अमोनिया जिवाणूंनाच बाधतो. पंधरा-पंधरा दिवसांनी, चार हप्त्यांत द्या.

पण काळ्या मातीत खरी अडचण हवेची. एक किलो डिझेलच्या पूर्ण विघटनाला साडेतीन किलोच्या आसपास ऑक्सिजन लागतो, आणि आपली चिकण माती जास्त भिजली की तिची छिद्रं मिटतात. काम तिथेच थंडावतं. म्हणून भेगांतून डिझेल जिथवर उतरलं तिथवर माती उकरा, जाड ताडपत्रीवर जेमतेम दीड फूट थर पसरा, चार पाट्या मातीला एक पाटी पऱ्हाटीचे बारीक तुकडे मिसळा आणि दर आठवड्याला खालवर करा. पहिले काही दिवस जवळपास विडी-काडी अजिबात नको.

ओल कशी ओळखायची? मुठीत दाबून लाडू व्हावा, पाणी गळू नये, बोट टोचताच तो फुटावा. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की उघडा थर झपाट्याने कोरडा पडतो, म्हणून जागा निंबाच्या सावलीतली निवडा. पावसाळ्यात वर मांडवासारखी ताडपत्री ताणा. मातीला चिकटवून झाकलंत तर हवाच कोंडेल.

गॅरेजचं जळकं ऑइल मात्र वेगळं. ते फार सावकाश कुजतं, आणि त्यातले जस्त-शिशासारखे धातू कुठलाच जिवाणू संपवू शकत नाही.

वास गेला म्हणजे डिझेल गेलं असं नाही; हलका भाग नुसता उडून जातो. तीन-चार महिन्यांनी पाच ठिकाणची माती घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून प्रयोगशाळेत एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन तपासून घ्या. अहवाल हाती येईपर्यंत ही माती केळीच्या बुडाशी घालू नका.