ढगात शिरलेलं ऊन

[दृश्य : महाबळेश्वर, मे महिन्याची अखेर. पहाट. दरीतून वर येणारं धुकं.]

कोकणाच्या बाजूनं चढत आलेलं हे धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला ढगच. शालीच्या लोकरीवर मिलिमीटरभर थेंब धरलाय, बघा. ढगातले लाखभर थेंब एकत्र आले, तेव्हा हा एक झाला. ढगातला मूळ थेंब जेमतेम 20 मायक्रॉनचा, केसाहूनही बारीक. आणि त्याच्या पोटात एक कण. कणाशिवाय ढगाचा थेंब धरतच नाही. हा कण समुद्राच्या मिठाचा असेल, तांबड्या धुळीचा असेल, नाहीतर खाली शेतात राब भाजला त्याच्या धुराचा.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेची ढगांची प्रयोगशाळा 2012 पासून इथंच आहे. इथं ढग गाठायला विमान लागत नाही, तो दारात येतो.

[दृश्य : धुक्यातून उजेड फाकतो.]

आता ऊन. थेंबात हायड्रोजन पेरॉक्साइड विरघळलेलं असतं. अतिनील किरण पडला की त्याचा रेणू मधोमध तुटतो आणि दोन हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे जोडीदाराला आसुसलेले रेणूचे तुकडे, सुटतात. ती कमालीची अधाशी, समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा लचका तोडतात.

धुळीतल्या लोहाची गोष्ट तर मला सगळ्यांत विलक्षण वाटते. थेंबात ते ऑक्झॅलिक आम्लाला चिकटून बसलेलं असतं. ऊन लागताच आम्ल मोडतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि लोहाचं रूप पालटतं. पालटलेलं लोह पेरॉक्साइड फोडतं, नवं रॅडिकल सोडतं आणि स्वतः मूळ रूपात परततं. ऊन आहे तोवर तेच लोह पुन्हा पुन्हा राबतं.

धुरातले तपकिरी पदार्थ मात्र, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं विटावं तसे, उन्हानं फिके पडत जातात.

कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइडही थेंबात उतरतो आणि पेरॉक्साइडमुळे त्याचं सल्फेट होतं. या पायरीला थेट ऊन लागत नाही, पण ते पेरॉक्साइड मुळात उन्हानंच घडवलेलं.

[दृश्य : दरी मोकळी होते.]

बहुतेक ढग न बरसताच विरतात. हाही विरला. पाणी उडून गेलं, कण उरला, पण सकाळचा नव्हे. आता त्यावर सल्फेटचा थर आहे, कण आधीपेक्षा जाड आहे आणि पाण्याला जास्त ओढून घेणारा. उद्या पहाटे दरीतली हवा वर चढेल, तेव्हा असे कण आधी पाणी धरतील.