गांधीलमाशीला विचारलेला प्रश्न

नमस्कार, श्रोतेहो! आज निको टिनबर्गन यांच्याविषयी बोलू. प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणारे डच शास्त्रज्ञ, जन्म १९०७ चा, हेगचा. पण मला आधी माशीची गोष्ट सांगायची आहे.

हॉलंडमध्ये हुल्सहॉर्स्टजवळ वाळूचं रान आहे. विशीतले टिनबर्गन तिथं वाळूत तासन् तास बसत. आजूबाजूला गांधीलमाश्यांची बिळंच बिळं. आपल्या खिडकीच्या चौकटीत मातीचं घर लिंपते ना, तिच्या गोतातली ही माशी. ही मधमाशीला डंख मारून लुळी करते, पोटाशी धरून आणते आणि बिळात नेते. पिल्लांची बेगमी! पण एवढ्या बिळांतून तिला नेमकं आपलंच कसं सापडतं?

माशी आत असताना टिनबर्गननी बिळाभोवती पाइनची सुकी फळं गोल मांडली. माशी बाहेर आली, बिळावर दोन-चार घिरट्या घातल्या आणि गेली. इकडे यांनी ती फळं उचलून फूटभर बाजूला तशीच गोल मांडली. बीळ जागच्या जागी, फक्त फळं हलवली. माशी शिकार घेऊन परतली आणि थेट फळांच्या मधोमध उतरली. तिथं बीळच नाही! फळं जागेवर ठेवली, तेव्हा तिला घर सापडलं. म्हणजे त्या घिरट्यांत तिनं खुणा टिपल्या होत्या.

यात यंत्र कुठलंच नाही. मूल मुंग्यांपाशी उकिडवं बसलं, की आपण ‘ऊठ, कपडे मळतील’ म्हणतो. मला ते फार लागतं. मळू द्यावेत कपडे.

या माश्यांवरचा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध अवघा ३२ पानांचा! मग पत्नीसह ग्रीनलंडमध्ये वर्षभर मुक्काम. दुसऱ्या महायुद्धात ज्यू सहकाऱ्यांना विद्यापीठातून काढलं, त्याला विरोध केला म्हणून जर्मनांनी दोन वर्षं ओलीस ठेवलं. १९४९ मध्ये ऑक्सफर्ड, १९७३ मध्ये प्राण्यांच्या वागणुकीचेच अभ्यासक कार्ल फॉन फ्रिश आणि कोनराड लोरेन्झ यांच्यासह नोबेल.

आणि हो, माशीची गोष्ट अजून बाकी आहे. ती फळं ओळखते, की त्यांचा गोल? टिनबर्गननी एकीकडे फळांचा त्रिकोण मांडला, दुसरीकडे दगडांचा गोल. माशी आली आणि उतरली दगडांच्या गोलात.