जन्मतारखेच्या तीन चौकटी

जन्मतारीख विचारणाऱ्या या तीन रिकाम्या चौकटी. दिवस, महिना, वर्ष. शेजारी कॅलेंडर नाही, वर्षांची लांबलचक यादीही नाही. ब्रिटिश सरकारच्या ऑनलाइन सेवांसाठी ही पद्धत ठरवली गेली, कारण स्वतःची जन्मतारीख माणसाला पाठ असते. साठीतल्या माणसाला कॅलेंडरमध्ये एकेक महिना मागे न्यायला लावण्यापेक्षा आकडे टाइप करू द्यावेत. कर्सरनं एका चौकटीतून दुसरीत आपोआप उडी मारायची नाही, हेही लिहून ठेवलंय. कीबोर्डवर काम करणाऱ्याचा त्यानं गोंधळ उडतो.

या सरकारची गव्ह डॉट यूके ही वेबसाइट 2012 मध्ये सुरू झाली. तिची अक्षरं ब्रिटनमधल्या रस्त्यावरच्या पाट्यांवरून आली: डिझायनर मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी जॉक किनीर यांच्यासोबत घडवलेल्या टाइपफेसचं, म्हणजे अक्षरवळणाचं, नवं रूप, न्यू ट्रान्सपोर्ट. रंग, अक्षरं ठरवणं हा तसा सोपा भाग. बटणांचा, फॉर्मचा कोड आणि नियम मात्र बरीच वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले होते. ते एकत्र आणणारी डिझाइन सिस्टिम जून 2018 मध्ये खुली झाली.

त्याच सप्टेंबरात, सरकारी वेबसाइट अपंग व्यक्तींनाही वापरता आल्याच पाहिजेत, असा नियम लागू झाला. कीबोर्डनं फिरताना आपण कुठे आहोत हे दाखवणारी पिवळसर रेघ पांढऱ्यावर पुरेशी उठत नव्हती. 2019 मध्ये पिवळ्याच्या जोडीला जाड काळा रंग आला. बदल एका जागी, डिझाइन सिस्टिममध्ये, झाला. सेवा बनवणाऱ्या ज्या टीमनं तिची नवी आवृत्ती घेतली, तिच्या फॉर्ममध्ये तो पोचला. आवृत्ती बदलण्याची खटपट टीमला चुकली नाही, ती वेगळी.

आकड्यांच्या चौकटीची हकिकत तर फारच मजेशीर. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये अंकांसाठी खास इनपुट, म्हणजे भरायची चौकट, आहे. पण कर्सर त्यात असताना माउसचं चाक फिरलं, तर भरलेला आकडा नकळत बदलू शकतो. अपंगांना मदत करणाऱ्या काही सॉफ्टवेअरनाही हे इनपुट नीट उमगत नव्हतं. म्हणून 2020 मध्ये साधी मजकुराची चौकट घेतली, आणि मोबाइलवर अंकांचा कीपॅड उघडावा एवढी सूचना ब्राउझरला दिली.

या डिझाइन सिस्टिमसाठी नवा कॉम्पोनंट, म्हणजे बटण किंवा चौकटीसारखा तयार भाग, कोणीही सुचवावा. मात्र तो अनेक सेवांना उपयोगी हवा, आधीच्या एखाद्याची नक्कल नको, आणि खऱ्या वापरकर्त्यांकडून तपासून घेतल्याचा पुरावा हवा. तो पारखायला वेगवेगळ्या सरकारी खात्यांतली माणसं बसतात.

कोड कोणालाही फुकट घेता येतो. वेबसाइटची अक्षरं मात्र नाही. ती गव्ह डॉट यूकेच्या पत्त्याबाहेर वापरायची परवानगी नाही.