बोया, बावटा आणि पाण्याखालचा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीचा समुद्र कसा गजबजतो, ते आपण पाहतोच. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे प्रवासी होड्यांची ये-जा, मध्येच जेट-स्की, पॅरासेलिंगची बोट, मासेमारीवरून परतणारे नाखवे. आणि या सगळ्यांच्या पोटाखाली, काही मीटरवर, स्कूबा करणारी माणसं. वरच्याला खालचा दिसत नाही. खालच्याला इंजिन ऐकू येतं, पण ते कुठल्या बाजूने येतंय हे कळत नाही. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो, त्यामुळे दिशेचा अंदाजच लागत नाही. म्हणून खाली माणूस आहे हे सांगायचं काम बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, आणि बावटा यांच्यावर येतं.

बावटे दोन प्रकारचे. लाल कापडावर तिरपा पांढरा पट्टा, हा १९५६ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये निघाला. पट्टा काठीकडच्या वरच्या कोपऱ्यातून समोरच्या खालच्या कोपऱ्याकडे उतरतो. ‘इथे पाणबुड्या खाली आहे’ एवढंच तो सांगतो, म्हणून तो बोयावर शोभतो. दुसरा ‘अल्फा’ बावटा: काठीकडे पांढरा, पुढे निळा, टोकाला खाच. हा जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीतला. अर्थ असा की, माझा पाणबुड्या खाली आहे, दूर राहा आणि हळू जा. हा बोटीवर लागतो, कारण ती बोट माणसं खाली असताना वाटेतून झटकन बाजूला होऊ शकत नाही. समुद्रातली टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांत लहान बोटीसाठी या अल्फाची कडक प्रतिकृती सांगितली आहे, किमान एक मीटर उंचीची आणि चारही बाजूंनी दिसेल अशी. कडक कशासाठी? वारा पडला की कापडी बावटा काठीला चिकटून लोंबतो, आणि लोंबता बावटा दुरून ओल्या टॉवेलसारखा दिसतो. रात्री बावट्याऐवजी एकाखाली एक तीन दिवे लागतात: लाल, पांढरा, लाल.

आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे. कोकणात जाळ्याच्या बोयावरही काठीला बावटा बांधतात, आणि तो ओळखण्यात आपल्या तांडेलांचा हात कोणी धरणार नाही. जाळं दिसलं की त्याच्या कडेने होडी काढायची, ही सवय अंगात मुरलेली. मग पाणबुड्याचा बावटाही जाळ्याचाच समजून कोणी अगदी जवळून गेला, तर त्याला दोष कसा द्यायचा? म्हणून नुसता बावटा लावून भागत नाही. हंगाम सुरू होताना बंदरावर जाऊन तो बावटा हातात घेऊन दाखवायला हवा. आणि शेवटचा माणूस मोजून बोटीत आला की बावटा त्याच क्षणी उतरवायला हवा. दिवसभर फडफडणाऱ्या बावट्याकडे आठवड्याभरात कोणी बघेनासं होतं.

होडीवाल्यांनी किती लांबून जायचं? अमेरिकेत फ्लोरिडाचा कायदा खुल्या पाण्यात ३०० फूट, म्हणजे साधारण ९० मीटर, आणि खाडीच्या तोंडाशी किंवा अरुंद वाटेत १०० फूट धरतो. त्याहून जवळ यायचंच असेल तर इंजिन अगदी मंद. पाणबुड्यांनीही आपल्या बावट्यापासून तेवढ्याच टप्प्यात राहायचं असतं. एक लक्षात ठेवा, माणूस बोयाच्या बरोबर खाली नसतो. दोरी प्रवाहाने तिरपी होते, वारा बोयाला ओढतो. दहा मीटर खोलीवरचा माणूस बोयापासून तितकाच आडवा लांब असू शकतो, आणि कुठल्या दिशेला ते वरून सांगता येत नाही.

बोया सोबत ओढत न्यायचा असेल तर लांबट आकाराचा घ्यावा, गोल बोया पाण्यात फार ओढ देतो. काठीच्या खालच्या टोकाला किलो-दीड किलोचं वजन हवं, नाहीतर बावटा आडवा होऊन लाटेत बुडतो. दोरी रिळावर असावी आणि रीळ हातात असावं. अंगाला अडकवलेलं नको. होडीच्या पंख्यात दोरी गुंडाळली गेली तर ती माणसालाही वर खेचते. हातात असली तर सोडून देता येते.

आता, आपण कुठे आहोत हे बोटीला कळावं म्हणून हवा भरून खालून वर सोडायची पिशवी. लांबट, नारिंगी, दीडेक मीटरची. लाटांत माणसाचं डोकं तरंगत्या नारळाएवढं दिसतं. उभी पिशवी बरीच लांबून दिसते. ती सोडण्याआधी वर बघा, होडीची सावली किंवा जाळं नाही ना. शरीर स्थिर करा. पिशवी उलगडून दोरी जोडा, रिळाची कळ मोकळी करा आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरा. मग जादा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाला देणारं दुसरं साधन, पिशवीच्या तोंडाखाली नेऊन बटण क्षणभरच दाबा.

किती हवा भरायची, इथेच गफलत होते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथे अर्धी भरलेली पिशवी वर पोचेपर्यंत पूर्ण फुगते. वीस मीटरवर एक तृतीयांश पुरते. पाच मीटरवर मात्र दोन तृतीयांश लागते. एक लिटर हवा सुमारे एक किलो वर ओढते. पाच लिटर भरून पिशवी हातातच धरून ठेवली, तर ती पाच किलोच्या जोराने आपल्यालाही घेऊन निघते. म्हणून हवा भरली की लगेच सोडायची. रीळ अडकलं? तेही सोडा. पिशवी गेली तर नवी मिळते. श्वास रोखून झपाट्याने वर गेलेल्या माणसाचं फुप्फुस फाटू शकतं.

दोरी धावायची थांबली की सैल भाग गुंडाळा आणि दोरी ताणून धरा. ताण नसेल तर पिशवी पाण्यावर आडवी पडते आणि बोटीवरून दिसतच नाही. मग त्या दोरीच्या आधाराने सावकाश, मिनिटाला नऊ मीटरहून जास्त नाही, पाच मीटरवर या आणि तीन मिनिटं थांबा. वर चढतानाही दोरी ताणातच गुंडाळत राहा. सैल गुंडाळलेली दोरी पुढच्या वेळी रिळात गुंतते आणि पिशवी अर्ध्या वाटेवर थबकते.

पिवळी पिशवी काही ठिकाणी संकटाची खूण मानतात, काही ठिकाणी नाही. आपल्या बोटीवर कुठला रंग कशासाठी, हे उडी मारण्याआधीच ठरवून घ्या. माणसं घ्यायला बोट जवळ आली की पंखा पूर्ण थांबलेला हवा, आणि सगळे शिडी चढून वर येईपर्यंत तो तसाच राहायला हवा.

घरी आल्यावर दोरी, रीळ आणि पिशवी गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. पिशवीच्या झडपेत वाळूचा एक कण राहिला तरी हवा हळूहळू सुटते आणि पिशवी वर जाऊन मान टाकते. झडप दाबून आतून पाणी घाला, आणि सावलीत वाळवा.