हात हलवायचे नाहीत

नमस्कार श्रोतेहो. टेबलावर दोन संगणक आणि दोन कीबोर्ड असले की अर्धं वाक्य भलत्याच पडद्यावर उमटतं. एकाच कीबोर्डवर भागवायचे मार्ग दोन आहेत : डबी आणि सॉफ्टवेअर.

डबी म्हणजे केव्हीएम स्विच. कीबोर्ड, माउस, मॉनिटर तिला जोडायचे आणि तिथून प्रत्येक संगणकाकडे यूएसबी आणि एचडीएमआय अशा दोन केबली न्यायच्या. पुष्कळ डब्यांवर स्क्रोल लॉक दोनदा दाबून आकडा दाबला की संगणक बदलतो. बदलताना उघड्या विंडो विस्कटत असतील, तर डबीत ईडीआयडी इम्युलेशन, म्हणजे मॉनिटर जोडलेलाच आहे असं संगणकाला भासवायची सोय, नाही. मॉनिटर निघाला असं त्या संगणकाला वाटतं. विकत घेण्याआधी हे विचारा, ईडीआयडी नक्की विचारा.

प्रत्येक संगणकाला स्वतःचा मॉनिटर असेल, तर इनपुट लीपसारखं सॉफ्टवेअर पुरतं. कीबोर्ड जोडलेला तो सर्व्हर, बाकीचे क्लायंट. माउस पडद्याच्या कडेपलीकडे नेला की कीबोर्डही तिकडे जातो. जोडणी होत नसेल, तर फायरवॉलमध्ये २४८०० हा पोर्ट उघडा आहे का ते बघा आणि सगळे संगणक एकाच नेटवर्कवर ठेवा. गेस्ट वायफाय नको, ते बहुतेकदा उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही. मात्र बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, शिरायचं असेल तर डबीच हवी. पुन्हा सांगतो, बायोससाठी डबीच.

जाता जाता, कॅप्स लॉकसारखी मोक्याची जागा अडवणारी कळ बदलून कंट्रोलची कळ करून टाकावी, हे माझं ठाम मत आहे.

आता ९ डिसेंबर १९६८ कडे वळू. सॅन फ्रान्सिस्कोत हजारेक तज्ज्ञांसमोर माउसचे जनक डग्लस एंगेलबार्ट बसले होते. त्यांचा संगणक तिथे नव्हताच. तो सुमारे ५० किलोमीटरवर, मेन्लो पार्कला होता. मायक्रोवेव्हवरून तिथलं चित्र येत होतं, आणि हातांच्या हालचाली टेलिफोनच्या तारेवरून तिकडे जात होत्या. उजव्या हाताखाली माउस, मध्ये कीबोर्ड, आणि डाव्या हाताखाली, श्रोतेहो, फक्त पाच कळा! पेटीवर सूर धरावेत तशा त्या एकत्र दाबायच्या. पहिली दाबली की ए, दुसरी दाबली की बी, दोन्ही मिळून सी. पाच कळांच्या ३१ जुळण्या होतात, म्हणजे सगळी इंग्रजी अक्षरं त्यात बसतात. वाणसामानाची यादी त्यांनी पडद्यावर हलवून, गटांत लावून दाखवली. मग मेन्लो पार्कमधला सहकारी त्याच पडद्यावर प्रकटला, आणि दोघांनी एकाच मजकुरावर काम केलं. नव्वद मिनिटांनी सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. माउस जगभर गेला, पाच कळा मागे राहिल्या. कारण त्या शिकायला सराव लागतो. पण डावा हात जागचा हलत नाही, ही त्यांची खुबी नेहमीच्या कीबोर्डला साधलेली नाही.

नव्या साधनांचा रोखही तिकडेच आहे. नजर टिपणारे कॅमेरे आहेत, पण नुसतं बघितलं तरी निवड होते ही त्यांची अडचण. म्हणून होकाराला वेगळी खूण लागते. मनगटावरचा पट्टा स्नायूंचे विद्युत संकेत वाचतो, दोन बोटं टेकली की ते त्याला कळतं. नजरेनं निवडायचं आणि बोटांनी होकार द्यायचा.