वीट आहे का कुणाकडे?

मंडळी, लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ आपण बहुतेकांनी खेळलाय. एकाचं दिवाळं निघालं की तो उठायचा, चाळीच्या गॅलरीत जाऊन कठड्याला टेकून उभा राहायचा, आणि बाकीचे आत तासभर खेळत बसायचे. आमच्याकडे धाकट्या भावाच्या वाट्याला हे फार वेळा आलं. चौघं बसले तर चौघंही शेवटपर्यंत खेळात राहतील असा पट मला हवा होता. तो मला ‘कॅटान’मध्ये सापडला.

क्लाउस टॉयबर हे जर्मनीतले दंततंत्रज्ञ. दातांच्या कवळ्या वगैरे बनवायचा त्यांचा व्यवसाय होता, आणि संध्याकाळी घरी ते खेळ रचत. त्यांचा ‘कॅटान’ १९९५ साली आला आणि त्याच वर्षी जर्मनीत वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला.

पट म्हणजे १९ षटकोनी तुकड्यांचं एक बेट. तुकडे दर वेळी वेगळे लागतात, त्यामुळे बेटही दर वेळी नवं. जंगलातून लाकूड, शेतातून गहू, कुरणातून लोकर, टेकडीतून विटा, डोंगरातून खनिज. वाळवंटातून काहीच नाही. वाळवंट सोडून प्रत्येक तुकड्यावर एक आकडा. दोन फाश्यांची बेरीज तेवढी आली की त्याला लागून ज्यांची घरं, त्या सगळ्यांना माल, पत्त्यांच्या रूपात. फासे कुणीही टाकलेले असोत! दुसऱ्याच्या डावातही आपल्याला काहीतरी मिळू शकतं, म्हणून कुणी मोबाइल काढून बसत नाही. सात पडला की फासे टाकणारा ‘चोर’ नावाची सोंगटी हव्या त्या तुकड्यावर ठेवतो, आणि तिथला माल बंद. दहा गुण आधी होतील तो जिंकला.

पण माझा जीव जडला तो देवघेवीवर. ज्याचा डाव, त्याच्याशी कुणीही सौदा करावा. माझ्या मावशीने तीस वर्षं दादरला फुलं विकली. एका रविवारी जमिनीवर सतरंजी टाकून आम्ही बसलो होतो. माझ्या मुलाला घर बांधायला एक वीट कमी पडत होती.

“मावशीआजी, एक वीट दे ना. एक गहू देतो.”

मावशीने हातातल्या पत्त्यांकडे पाहिलंच नाही. तिने पटावर त्याचा रस्ता कुठवर गेलाय ते पाहिलं. रस्ता बंदराला भिडला होता; तिथे घर असलं की माल स्वस्तात बदलून मिळतो.

“बंदर मिळतंय तुला. दोन गहू दे. आणि सात पडला तर चोर माझ्या शेतावर ठेवायचा नाही.”

त्याने दिले. पुढच्याच फेरीत त्याला सात पडला, आणि त्याने चोर माझ्या डोंगरावर आणून ठेवला. असा शब्द पाळलाच पाहिजे हे नियमात कुठेही नाही. त्याने तो पाळला, याचा मला आजही आनंद आहे.

एक उणीव मात्र मोठी आहे. सुरुवातीची दोन घरं चुकली की माणूस दीड तास रिकाम्या हाताने बसतो. दोन फाशे ३६ प्रकारे पडतात. त्यांत ६ पाच प्रकारे येतो, ८ही पाच प्रकारे. २ आणि १२ प्रत्येकी एकदाच. नवा माणूस नेमका बाराच्या कडेला घर ठेवतो. पहिली दोन घरं जाणत्याने शेजारी बसून ठेवून द्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. सहा जणांसाठी वाढीव संच मिळतो, पण त्यात आपला डाव यायला फार वेळ लागतो. मला तो आवडत नाही. आणि आपल्या पावसाळ्यात पत्ते सर्द होऊन एकमेकांना चिकटतात, त्यांना प्लास्टिकची पाकिटं घाला.

मागच्या टेबलावर पट मांडून ठेवलाय, चार खुर्च्या आहेत. ज्यांनी कधीच खेळलेला नाही त्यांनी आधी बसा. घरं कुठे ठेवायची ते मी शेजारी उभा राहून सांगतो.